दाट पेरणी म्हणजे नक्की काय?

दाट पेरणीवरच्या एका लेखात 'दाट पेरलं की तण आपोआप दबतं' असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. बियाणं वाढवणं आणि ओळी जवळ आणणं या दोन वेगळ्या गोष्टी, लेखात त्या एकच धरल्यात. दोन ओळींत ४५ सेंमी अंतर ठेवून दीडपट बी टाकलं तर रोपं एकमेकांच्याच उरावर बसतात, मधला पट्टा उघडा तो उघडाच. तिथं ऊन पोचतं आणि तणाचं फावतं. तेवढंच बी ३० सेंमीवर पेरलं तर रोपं सारखी विखुरतात, पानं लवकर भिडतात आणि जमीन झाकली जाते.

सोयाबीनच्या एकाच रानात मी दोन्ही अंतरं करून बघितली आहेत. ३० सेंमीच्या बाजूला ओळींची पानं आठवडाभर आधी भिडली. त्यानंतर उगवलेलं तण पानांखाली पिवळट, सुतासारखं राहिलं. पण पिकाबरोबरच उगवलेल्या तणाला या सावलीचं काही वाटत नाही, ते पिकाच्या जोडीनंच वर चढतं! आणि अरुंद ओळीत कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालेना, त्यामुळं सगळं खुरप्यावर आलं. पहिले तीन-चार आठवडे रान कसं स्वच्छ ठेवायचं, यावर लेखात एक ओळही नाही. शिवाय फार दाटीत खालची पानं उशिरापर्यंत ओली राहतात, बुरशीला आयतंच रान मिळतं, झाडं उंच होऊन लोळतात. माझा एक कोपरा असाच आडवा झाला होता.