डोंगल चालवायला गॅरेजचं शटर ओढू नका

‘वीज गेली तरी नेट जाणार नाही, गाडी आहे ना दारात!’ असा एक मेसेज सध्या गोव्यात डिचोली, साखळी, वाळपईकडच्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो ताईने मला पाठवला, खाली पुरवणी जोडून: ‘आमच्याकडे सुरू केलं रे, छान चाललंय.’ भाचा घरून काम करतो आणि पावसाळ्यात सत्तरी तालुक्यात वीज कशी जाते हे तिकडच्यांना सांगायला नको, त्यामुळे मोह समजतो. पण ताईचं गॅरेज स्वयंपाकघराला लागून आहे आणि मधलं दार मांजरासाठी रात्रभर उघडं असतं. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

मेसेज म्हणतो: डोंगल (सिमकार्डवर नेट देणारं छोटं यंत्र) गाडीच्या चार्जिंग सॉकेटला कायमचं जोडून ठेवा, गाडीची बॅटरी उतरत नाही. गाडीचा पत्रा अँटेनाचं काम करतो, रेंज दुप्पट. काचा बंद असल्या की डोंगल सुरक्षित. आणि बॅटरी उतरलीच (म्हणजे वर सांगितलेली न उतरणारी बॅटरी!) तर झोपण्याआधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, ‘आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून शटर ओढून घ्या.’

शेवटच्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या दाव्यांनी फार तर गाडी बंद पडेल. याने माणूस जाईल.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास नीट चाललेला असतो आणि शरीराला प्राणवायू मिळत नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. आपल्याकडे याला पित्त म्हणतात आणि माणूस गोळी घेऊन आडवा होतो. झोपलेल्याला तर डोकं दुखल्याचंही कळत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची सूचना अगदी स्पष्ट आहे: घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन कधीही चालू ठेवू नका, गॅरेजचं दार उघडं असलं तरीही. तिथे उघड्या दाराचीही सवलत नाही आणि आमचे मेसेजवाले शटर ओढायला सांगतात.

यावर भाच्याचं उत्तर तयार होतं: ‘मामा, आपली गाडी बीएस-६ म्हणजे कमी प्रदूषणाच्या मानकाची आहे, धूर दिसतसुद्धा नाही.’ अरे, दिसत नाही हीच तर अडचण आहे. धुरातला हा वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. थंड गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वांत वाईट असतात, आणि मेसेज नेमकी तीच मिनिटं बंद खोलीत घालवायला सांगतो. त्यात कोंडलेल्या जागेत प्राणवायू कमी होत गेला की ज्वलनही अर्धवट होतं आणि विष वाढतं. इंजिन बंद केल्यावर ती हवा कुठे जाते? मांजराच्या दारातून आत.

एवढं करून बॅटरी भरते का? हिशोब मांडू. साधं डोंगल तीनेक वॅट खातं. चार्जरमधली गळती धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ०.३ अँपिअर. दिवसाचे २४ तास म्हणजे सात अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि ती इंजिनाला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनवलेली असते, दिवसेंदिवस झिरपत राहण्यासाठी नाही. दोन-तीन दिवसांत ती अर्ध्यावर येते. जुनी असेल तर त्याआधीच सकाळी फक्त ‘टक’ असा आवाज. वारंवार अशी उतरवली तर ती कायमची मरते. इंजिन जागच्या जागी दहा मिनिटं चालवून परत मिळतात फार तर दोन-तीन अँपिअर-तास. वर, बऱ्याच गाड्यांत चावी काढली की चार्जिंगचा सॉकेटच बंद होतो. मग लोक चावी अर्धी फिरवून ठेवतात, आणि डोंगलबरोबर म्युझिक सिस्टीमही रात्रभर जागी राहते.

एका रात्रीपुरतं म्हणाल तर, चांगल्या बॅटरीला काही होत नाही. हे मान्य. तेवढ्यावरच मेसेज थांबला असता तर मी गप्प बसलो असतो.

पत्र्याच्या अँटेनाचं काय बोलावं! पत्रा रेडिओलहरी अडवतो; आत येतं ते काचांमधून. छपरावरच्या अँटेनाचा तुमच्या डोंगलशी काडीचा संबंध नाही. गाडी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या पठारावर, नेली की रेंज येते हे खरं, पण ती सड्याची कृपा. कोरोनाच्या काळात सत्तरी-सांग्यातली पोरं ऑनलाइन वर्गांसाठी डोंगर चढत होती, गाडीविनाच.

बंद काचांमुळे सुरक्षित? पावसाळ्यात उघडीप पडली की बंद गाडी भट्टी होते. डोंगलात स्वतःची लिथियम बॅटरी असेल तर ती साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. आयफोनवाले फोन उभ्या गाडीत ठेवूच नका म्हणतात, ते उगाच नाही.

ताईला सांगितलंय: दहा हजार एमएएच क्षमतेची पॉवर बँक घे. त्यात ३७ वॅट-तास असतात, गळती वजा जाता डोंगल आठ-नऊ तास चालतं, तेही खिडकीत ठेवून, जिथे रेंज आहे. फायबर असेल तर राउटरला छोटा यूपीएस लाव. वीज फारच लांबली तर टॉवरच्याही बॅटऱ्या संपतात, मग गाडी, पॉवर बँक सगळं सारखंच. त्या दिवशी भाच्याने साहेबाला फोन करून रजा टाकावी, आणि फोनही लागत नसेल तर दुसऱ्या दिवशी सांगावं.