जागा असते, नजर हवी

घरात आंघोळ करणारे पाच, शॉवर एक आणि बाहेर पडायची वेळ सगळ्यांची एकच, अशी तुमची अवस्था असेल, तर आळीपाळीने जा, कुणीतरी लवकर उठा, कुणीतरी रात्री आंघोळ उरका, असले सल्ले देणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. लवकर उठायला मनोनिग्रह लागतो. दुसरा शॉवर काढायला पेन्सिल पुरते.

तेव्हा घराचा नकाशा पुढ्यात घ्या. छोट्या घराच्या नकाशाची खुबी अशी, की त्यावर प्रत्यक्ष घरापेक्षा जागा नेहमीच जास्त असते. कपाटाचं उघडं दार त्यात दिसत नाही, वाळत घातलेले कपडे दिसत नाहीत, दाराआड उभी केलेली घडीची शिडी तर नाहीच नाही. भिंतसुद्धा एका रेघेची. खरी भिंत, अगदी अर्ध्या विटेची, दोन्हीकडचा गिलावा आणि टाइल धरून १५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. म्हणजे दोन नव्या भिंती घातल्या की ३० सेंटीमीटर गेले. मिस्त्री हा हिशेब काढायला लागला तर त्याला मध्येच तोडून म्हणायचं, "बघा ना, जमवून घ्या." आजवर कितीतरी बाथरूम याच एका वाक्यावर उभी राहिली आहेत.

शॉवरला कमीत कमी ७५ सेंटीमीटरचा चौकोन हवा, ९०चा असला तर उत्तम, असं जाणकार सांगतात. जाणकारांची घरं मोठी असतात. तुम्ही ६५ धरा. ताठ उभं राहून, हात अंगाला चिकटवून, कुणी ६५ सेंटीमीटरमध्ये सहज मावतो. प्रश्न फक्त साबण निसटल्यावर येतो. वाकायला जावं तर मागचा भाग गार टाइलला टेकतो, त्याने दचकून पुढे व्हावं तर कपाळ नळावर आपटतं, आणि त्या धक्क्याने मिक्सरची दांडी नेमकी गरम बाजूला फिरते. एवढं झालं तरी साबण खालीच. यावर साधा उपाय म्हणजे साबण न घेता आत जाणं.

दाराचं मात्र नीट ठरवा. दार आत उघडणारं ठेवलंत, तर ते लावण्यासाठी आधी कोपऱ्यात अंग चोरून उभं राहावं लागेल. बाहेर उघडणारं केलंत, तर बोळातून जाणाऱ्याचं नाक त्याच्या वाटेत येईल. सरकतं दार सगळ्यांना आवडतं, पण सरकून जायला त्याला स्वतःच्या रुंदीएवढी मोकळी भिंत लागते, आणि त्या भिंतीवर नेमकं विजेचं बटण असतं. उरला पडदा. पडदा स्वस्त, सुटसुटीत आणि प्रेमळ: गरम पाणी सुरू झालं की आपोआप आत येतो आणि पोटरीला चिकटून राहतो.

आता सांडपाणी. हा विषय शेवटी घ्यायचा असतो, टाइलचा रंग ठरल्यावर. लोक उगाच आधी विचारतात की पाणी जाणार कुठे, आणि मग सगळा उत्साह तिथेच मावळतो. कारण पाणी हट्टी असतं. त्याला दर मीटरला २ सेंटीमीटर उतार लागतो. तुमचा नवा शॉवर बैठकीच्या कोपऱ्यात आणि मुख्य ड्रेनेजचा पाइप घराच्या दुसऱ्या टोकाला, पाच मीटरवर असला, तर नुसत्या उताराचे १० सेंटीमीटर झाले. त्यात पाइपची स्वतःची जाडी आली. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दुर्गंधी अडवायला ५ सेंटीमीटर तरी पाणी साठून राहावं लागतं, त्याची खोली आली. वर फरशी, फरशीखालचा मसाला आणि फरशीला जाळीकडे उतार. बेरीज करू नका. केलीत तर लक्षात येईल, की स्लॅब फोडायचा नसेल तर शॉवर जवळजवळ फूटभर उंच ओट्यावर जातो. ओट्यावर चढून आंघोळ करण्यात एक रुबाब आहे, हे कबूल केलं पाहिजे. छत तेवढं जवळ येतं, आणि घरातल्या उंच माणसाला शॉवरची चकती तोंडासमोर धरून बोलता येतं.

ओटा नको असेल तर पाइप स्लॅबमधून खाली सोडा आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताखालून फिरवा. त्यांना आधी विचारायची गरज नाही, पहिल्या गळतीला ते स्वतःच वर येतील.

नवा शॉवर जुन्या बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून घ्यावा, म्हणजे पाणी यायचे आणि जायचे पाइप दोन्ही हाताशी राहतात, असं एखादा प्लंबर सुचवेल. सूचना इतकी सोपी आहे की तिच्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय त्या भिंतीमागे तुमचं कपड्यांचं कपाट आहे आणि कपाट हलवणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा जिन्याखालची जागा पाहा. तिथे एका बाजूला पूर्ण उभं राहता येतं, मध्ये वाकून आणि दुसऱ्या टोकाला बसून. एकाच शॉवरमध्ये कुटुंबातल्या सगळ्या उंचींची सोय होते.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून, पाणी साठवून २४ तास तसंच ठेवतात आणि पातळी उतरते का, कुठे ओल दिसते का ते बघतात. ही एक दिवसाची दिरंगाई टाळा. पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटू लागले की तीच तपासणी आपोआप होते, फक्त जरा सावकाश. एक्झॉस्ट पंखा बाहेर काढायला खिडकी नसेल तर झोपायच्या खोलीत काढा. वाफ उबदार असते.

एवढं सगळं झाल्यावर दोघांनी एकाच वेळी दोन्ही शॉवर सुरू करावेत, कारण खटाटोप त्यासाठीच होता. गीझर अर्थातच तोच, १५ लिटरचा. त्यातलं ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या गार पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं केलं, की जेमतेम ३० लिटर भरतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर पाणी टाकत असेल तर एकाला चार मिनिटं मिळायची, आता दोघांना दोन-दोन. दाबाचंही तसंच. टाकी शॉवरच्या चकतीपेक्षा २ मीटर उंच असेल तर दाब ०.२ बार, आणि दोन्ही नळ एकाच पाइपावर असले तर तेवढ्यावरच दोघांना भागवायचं. पलीकडच्याने गार पाणी वाढवलं की अलीकडच्याला चटका बसतो, पलीकडच्याने बंद केलं की अलीकडचा गारठतो. भिंतीवर थापा मारून एकमेकांना खुणा करायची पद्धत घरोघरी आपोआप तयार होते, ती शिकवावी लागत नाही.

साधारण महिन्याभरात सगळे निमूटपणे जुन्या शॉवरकडे वळतील, कारण तिथे दाब बरा आणि साबण उचलता येतो. नव्यात बादल्या, झाडू आणि ती घडीची शिडी छान मावते. फक्त एक करा. न वापरलेल्या ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि ड्रेनेजचा वास थेट घरात शिरतो, म्हणून दर आठवड्याला शिडी बाजूला करून जाळीत मगभर पाणी ओतायचं. कुणी कधी ओतायचं त्याचा तक्ता करून पडद्याच्या दांडीला अडकवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने ओतलं असेल.