पेपर द्यायचा की सोडायचा?

परवा संध्याकाळी भाची आली. तिच्या मेडिकलच्या नीट परीक्षेला पाच आठवडे राहिलेत. चहा होईपर्यंत गप्प होती, मग एकदम म्हणाली, "मामा, माझं काहीच झालेलं नाही. यंदा पेपर देतच नाही, सरळ एक वर्ष ड्रॉप घेते. पण बाबांना सांगू नकोस."

त्या शेवटच्या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला.

१९९६ साली इंदूरला माझी पीईटी, म्हणजे इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा होती. घरात सगळ्यांच्या तोंडी एसजीएसआयटीएस, आमच्या गावचं इंजिनीअरिंग कॉलेज. अभ्यास झालेला नव्हता आणि ते कुणाला सांगायची हिंमत नव्हती. पेपरच्या दिवशी आईनं हातावर दही ठेवलं, मी सायकल काढली आणि नेहरू पार्कात जाऊन बसलो. पेपरची वेळ संपेपर्यंत तिथेच. घरी येऊन "बरा गेला" म्हणालो. निकाल लागेपर्यंत रोज त्या खोट्यासोबत जेवलो. यादीत नंबर सापडेना म्हणून बाबा पुन्हा पुन्हा कागद बघायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "इतका वेळ होतास कुठे? खाल्लं होतंस का काही?" पुढे होळकर कॉलेजातून बीएससी केलं, सगळं मार्गी लागलं. पण त्या प्रश्नाची आठवण झाली की आजही घसा दाटतो.

म्हणून माझं ठाम मत आहे: आधी घरी खरं सांगा, पेपरचं नंतर ठरवा. लपवत असलेलं मूल निर्णय घेत नसतं, पळत असतं.

आणि ठरवताना परीक्षा कुठली ते बघा. इंदूरच्या भंवरकुआं भागात यूपीएससी करणारी मुलं विचार करून पेपर सोडतात, त्यात चूक नाही. खुल्या गटाला सहाच संधी, आणि प्रीलिम्सचा, म्हणजे पूर्वपरीक्षेचा, एक पेपर दिला तरी संधी मोजली जाते. नुसता फॉर्म भरला आणि पेपरला बसलंच नाही, तर मोजली जात नाही. आयआयटीसाठीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला तर लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येतं. नीटला असा आकडा नाही. मग न देऊन वाचतं काय?

भाचीला तेच म्हटलं. १८० प्रश्नांत ९० बायोलॉजीचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. हा विषय तिला आवडतो. पाच आठवड्यांत एनसीईआरटीची बायोची दोन्ही पुस्तकं नीट होतील, केमिस्ट्रीतलं जमेल तेवढं. फिजिक्सचे अवघड धडे आत्ता सोड. एवढ्यावर सरकारी सीट मिळेल असं मी म्हटलं नाही, खोटी आशा मला द्यायची नव्हती. पण ड्रॉप घ्यायचाच तर पेपर दिल्यावर घे. कुठे अडलीस ते हातात असेल. घाबरून घेतलेल्या ड्रॉपमध्ये वर्षभर तीच भीती उशाशी राहते. आणि क्लासची वर्षाची फी तर भीतीच्या भरात अजिबात भरू नये.

मग तिच्या स्कूटीवर मागे बसून तिच्या घरी गेलो. बोलली तीच, मी फक्त शेजारी होतो. मेव्हण्यांनी टीव्ही बंद केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बायोचे किती चॅप्टर झालेत?"

मी निघालो तेव्हा बापलेक जमिनीवर पुस्तकं पसरून चॅप्टर मोजत होते.