ओरेगॅनो आणि कोथिंबिरीतल्या आर्सेनिकबद्दल खुलासा

मंडळी, ‘ओरेगॅनोत आर्सेनिक सापडलं, चिमूटभरानेही कॅन्सर होतो, कोथिंबीरसुद्धा फेकून द्या’ हा मेसेज रविवारी मीही पुढे पाठवला होता. तो दिशाभूल करणारा आहे. न तपासता पाठवला, माफ करा.

मूळ चाचणी खरी आहे. 2021 मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने 126 मसाले आणि वाळलेले पाले तपासले. आर्सेनिक, शिसं आणि कॅडमियम मिळून सुमारे एकतृतीयांश उत्पादनांत काळजीची पातळी आढळली, तीही नेहमी खाल्ल्यास; मुलांसाठी, आणि त्यातल्या बहुतेक उत्पादनांत मोठ्यांसाठीही. त्यात ओरेगॅनो होता, पण ताजी कोथिंबीर तपासलेलीच नव्हती. पाला वाळला की पाणी उडतं आणि तेवढ्याच वजनात धातूचं प्रमाण जास्त भरतं.

हिशोब मात्रेचा आहे. समजा, किलोमागे 1 मिलिग्रॅम आर्सेनिक असलेला ओरेगॅनो आहे. चमचाभर म्हणजे साधारण 1 ग्रॅम, त्यातून 1 मायक्रोग्रॅम पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. मर्यादेतलं 2 लिटर पाणीही 20 मायक्रोग्रॅमपर्यंत देऊ शकतं. म्हणून खरी काळजी बोअरच्या पाण्याची आणि रोजच्या भाताची. भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढला तर आर्सेनिक कमी होतं.

लहान मुलांच्या ताटात मात्र वाळलेला पाला रोज भरभरून नको. कोथिंबीर माती जाईपर्यंत धुवा आणि खुशाल खा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा.