गडगडाट सुरू झाला की खिडक्या लावून घ्या

‘विजा कडाडू लागल्या की घराच्या सगळ्या खिडक्या उघडा. पाऊस परागकण धुऊन काढतो. त्या हवेत दीर्घ श्वास घ्या. त्या दिवशी दम्याचा पंप घेऊ नका, सवय लागते.’

परागांच्या ॲलर्जीबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधला हा चौथा मुद्दा. एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो वाचून सोडून दिला होता. परवा, ऐन नोव्हेंबरात, ताईने तोच मेसेज मेलबर्नला लेकीला पाठवला आणि भाचीचा मला फोन आला. “मावशी, आई म्हणते ते खरं आहे का गं? इथे उद्या वादळ सांगितलंय.” तिला गेली तीन वर्षं या दिवसांत, म्हणजे तिथल्या वसंतात, ‘हे-फीव्हर’ (परागांच्या ॲलर्जीची सर्दी) होतो. डोळे चुरचुरतात, शिंका थांबत नाहीत. दमा नाही, म्हणून घरात पंपही नाही.

बाकीचे तीन मुद्दे आधी उरकते.

‘एप्रिल-मेमध्ये उडणारा पांढरा कापूस म्हणजेच परागकण.’ अजिबात नाही. तो काटेसावरीच्या बोंडातला कापूस, बी दूर जावं म्हणून असलेला. सावर फुलते त्याच्या आधी, आणि तिचे पराग पक्षी, वटवाघळं, मधमाश्या वाहून नेतात. वाऱ्यावर उडून त्रास देणारे परागकण एकेकटे डोळ्यांना दिसतही नाहीत. मिलिमीटरचा तिसावा-चाळिसावा भाग एवढा त्यांचा आकार. पुण्यात वावळ फुलतो तेव्हा निष्पर्ण फांद्यांवर बारीक फुलांचे घोस लागलेले असतात. त्यांना ना रंग ना वास, म्हणून वर बघायचंही कुणाला सुचत नाही. पराग वाऱ्यावर सोडणारं झाड ते आहे. दोष मात्र दिसतो म्हणून कापसाला.

‘थंडीत परागकण नसतात.’ टेक्सासमध्ये जुनिपर नावाच्या झाडाच्या परागांचा हंगामच डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. उत्तरेचा थंड, कोरडा वारा सुटला की झाडातून धूर निघावा तसे पराग उठतात. हवा किती कोरडी आहे ते बघायचं. परागकोश (परागांची पिशवी) वाळला की तडकतो, आणि मग वारा आपलं काम करतो.

‘पराग झाडाखालीच पडतात, झाड तोडा, प्रश्न मिटला.’ बर्च या झाडाचे पराग पोलंड-जर्मनीहून डेन्मार्कपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत. झाडाखाली ते सगळ्यात दाट असतात, एवढं मान्य. ज्याला त्याच झाडाची ॲलर्जी आहे त्याने फुलोऱ्याच्या दिवसांत त्या बाजूची खिडकी बंद ठेवावी. कुऱ्हाड कशाला?

आता चौथा. यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच तो जीवावर बेतू शकतो. पाऊस हवा धुतो हे खरं. संततधार लागली की झाडांवरचे पराग भिजून बसतात, हवेतले खाली येतात, आणि पुष्कळांना बरं वाटतं. (आपल्याकडे तेव्हा बुरशीचे बीजाणू वाढतात, पण ते असो.) मेसेज लिहिणाऱ्याने ही संततधारेची गोष्ट उचलून गडगडाटी वादळाला चिकटवली. दोन्ही पाऊसच, पण वळीव आणि श्रावणसरी यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ ला दिवसभर कडक ऊन होतं आणि संध्याकाळी वादळ आलं. पुढच्या ३० तासांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा ३,३६५ जास्त माणसं इमर्जन्सी विभागांत पोचली. १० जण दगावले. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली याचा सविस्तर अभ्यास आला. ज्या रुग्णांची नंतर चौकशी झाली, त्यांतल्या ८७ टक्क्यांना हे-फीव्हर होता. दम्याचं निदान झालेले फक्त २८ टक्के. आणि ३९ टक्के भारतीय किंवा आशियाई वंशाचे. ताई, तुझी लेक या सगळ्यात बसते.

हे घडतं कसं? वादळाचा ढग खालची गरम हवा वर ओढतो, तिच्याबरोबर परागही जातात. तिथल्या ओलाव्याने ते फुगतात आणि फुटतात. रायग्रास नावाच्या गवताच्या एका परागकणात ७०० पर्यंत पिष्टकण (स्टार्चचे कण) असतात, प्रत्येक तीन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजारांशांहून लहान. अख्खा परागकण नाकात अडकतो. हे कण थेट फुप्फुसात उतरतात. मग ढगातून गार हवा जमिनीवर आदळते आणि पावसाच्या पुढे धावत सुटते, हे सगळं घेऊन. वळवाआधी अंगावर येणारी ती गार झुळूक. नेमक्या त्याच वेळी हा मेसेज खिडक्या उघडायला सांगतो!

मेलबर्नचा घात गवताच्या परागांनी केला, झाडांच्या नाही, हा आक्षेप कुणी घेईल म्हणून सांगते: झाडांचे परागही ओलाव्याने फुटतात. अमेरिकेतल्या आयोवात वसंत ऋतूतल्या वादळांनंतर हवा तपासली तेव्हा परागांचे तुकडे सापडले, आणि सगळ्यात जोरदार पावसानंतर ते ११ तासांपर्यंत हवेत टिकून होते. म्हणजे ‘पाऊस थांबला, आता उघडा’ हेही चालायचं नाही.

आणि पंप बंद करा हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं? ज्यांना पंप लिहून दिला आहे, त्यांनी अशा दिवशी तो हाताशी ठेवायचा असतो. सवयीच्या भीतीने पंप कपाटात ठेवलेली दोन माणसं माझ्याच नात्यात आहेत.

भाचीला एवढंच सांगितलं: वादळ यायच्या आधी घरात जा, दारं-खिडक्या लाव, बाहेरची हवा आत ओढणारा कूलर बंद कर, आणि छाती जड वाटली तर थांबू नकोस, ॲम्ब्युलन्स बोलाव. तिथे सालब्युटॅमॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. रात्री तिचा फोटो आला: निळा पंप, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. ताईने मेसेज काढून टाकलाय, पण तोवर तो तिने आणखी चार ग्रुपवर टाकला होता. त्या चारही ग्रुपवर आज हे पाठवते आहे.