"जनरेटर नुसता उभा असेल तर मेंटेनन्स लागत नाही" हे खरं नाहीये

पावसाळा जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, की घरचा जनरेटर वापरलाच नाही तर झिजणार कसा, टाकी फुल ठेवा, आठवड्यातून पाच मिनिटं लोड न टाकता रिकामा चालवा, पाऊस असेल तर पडवीत लावा. कळकळीने सांगतो, यातलं काहीही करू नका.

आधी टाकीचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती आणि आदल्या वर्षीपासून फुल टाकी भरून ठेवलेला आमचा पेट्रोल सेट दोरी ओढून ओढून हात दुखले तरी चालू होईना. मेकॅनिकने कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडला तर आत तपकिरी डिंकासारखा चिकट थर, पेट्रोल जिथून येतं त्या जेटचं केसाएवढं भोक पार बंद, बारीक तार घालून साफ केलं तेव्हा कुठे इंजिन धरलं. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका. त्यामुळे बरेच दिवस लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पण पेट्रोल उरत नाही.

झिजत नाही म्हणे. अहो ऑइल उभ्या उभ्या पण खराब होतं, म्हणून तर बऱ्याच मॅन्युअलमध्ये १०० तास *किंवा* ६ महिने, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला, असं लिहिलेलं असतं.

पाच मिनिटं रिकामा चालवण्याने उलट नुकसान आहे. इंजिन नीट तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, ते ऑइलमध्ये मिसळतं, आणि डिझेल सेट असेल तर अर्धवट जळलेलं डिझेल काळं तेलकट होऊन सायलेन्सरमध्ये साठतं. सेल्फ मारताना बॅटरी जेवढी उतरते तेवढी पाच मिनिटांत भरत पण नाही. महिन्यातून एकदा फ्रिज, पंखे, पंप असा खरा लोड टाकून अर्धा तास चालवा.

आणि पडवी, हे तर जिवावरचं आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, दारं-खिडक्या लावून झोपलेल्या माणसाला कळतच नाही. सेट घरापासून निदान २० फूट लांब पाहिजे, धूर घराच्या उलट्या दिशेला. आम्ही विहिरीकडे पत्र्याचं छप्पर टाकलं, चारी बाजू मोकळ्या ठेवल्या, जाड केबल लांबवर न्यावी लागली, खर्च झाला, पण केला.

मेसेजमध्ये चेंजओव्हर स्विचचा, म्हणजे घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाईनला नाहीतर जनरेटरलाच जोडणाऱ्या स्विचचा, तर शब्दच नाही! तो न लावता सॉकेटमधून घरात करंट सोडला तर तोच करंट मीटरमधून उलटा लाईनवर जातो, डीपीतून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, ११ हजार व्होल्ट होतो, आणि वादळानंतर लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावातला असतो.