सड्यावरच्या ठिपकेवाल्या पतंगाला जाळायला निघालात?

गणपतीची चवथ झाल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतोय: पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके. खाली मजकूर, "विषारी पतंग. हात लागला तर फोड येतात. भात फस्त करतो. गवत सुकलं की सडा पेटवून द्या."

हा पतंग उटेथाइसा. पंख पसरून जेमतेम तीन-चार सेंटीमीटर. सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या सपाट माळावरून, चालताना पायाजवळून उडतो, चार हातांवर गवताच्या पात्याला बिलगतो आणि पंख अंगाला गुंडाळून काडीसारखा होतो. तेही भर दुपारी.

फोडांचं म्हणाल तर माझ्या बोटावर तो कितीदा बसलाय, साधी खाजही आली नाही. फोड आणतो तो हिंगे किडा, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला. तोही याच दिवसांत फुलांवर असतो.

विष मात्र आहे, आणि तीच यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. खुळखुळा नावाच्या रानझुडपाची फुगीर शेंग उघडून पाहा. भोक पाडून आत शिरलेली अळी हिरव्या बिया खात असते. बियांतली कडू अल्कलॉइडं, म्हणजे विषारी द्रव्यं, ती अंगात साठवते आणि पतंग झाल्यावरही ती तशीच राहतात. अमेरिकेतल्या याच्या भाईबंदावर कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयझनर यांनी कॉर्नेल विद्यापीठात वर्षानुवर्षं काम केलं. तिथला कोळी जाळ्यात अडकलेला हा पतंग खात नाही, धागे तोडून त्याला सोडून देतो! नर मीलनाच्या वेळी आपल्यातलं विष मादीला देतो, ती ते अंड्यांत उतरवते. म्हणजे विष आहे ते याला खाणाऱ्यासाठी, हात लावणाऱ्यासाठी नव्हे. गुरांना जपायचं तर खुळखुळ्यापासून जपा. तो जास्त पोटात गेला तर यकृत बिघडतं.

भात तो खात नाही. भाताचं नुकसान करणाऱ्या खोडकिड्याची मादी पिवळी असते, पुढच्या प्रत्येक पंखावर एकच काळा ठिपका. ठिपका दिसला की तोच, असं धरून चालू नका. बियाण्यासाठी ताग लावला असेल तर त्याच्या शेंगा मात्र ही अळी पोखरते, ते खरं. कारण ताग खुळखुळ्याचाच सख्खा.

आणि सडा पेटवायचा कशासाठी? भात वाचणार नाही, कारण भाताचा शत्रू तिथे नाहीच. जळतील त्या खुळखुळ्याच्या शेंगा, आतल्या अळ्या आणि गुरांच्या तोंडचा चारा. तो फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर त्याखाली हे एवढं टाका.